कर्क कुठल्या पेठेचा?

कोल्हापुरात एखादी गोष्ट नुसती आवडून भागत नाही, तिची बाजू घ्यावी लागते. एकानं बाजू घेतली की समोरची बाजू आपोआप तयार होते आणि मग खरी मजा सुरू होते. फुटबॉलचा विश्वचषक कतारला असो नाहीतर रशियात, मेस्सी आणि नेमार यांचे कटआउट इथल्या चौकांत उभे राहतात. ब्राझीलच्या माणसाला कोल्हापूर कुठं आहे हे ठाऊक नसेल. पण ब्राझील हरली की इथल्या एका अख्ख्या गल्लीला जेवण जात नाही आणि शेजारच्या गल्लीत जिलेबी वाटली जाते. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या संघांची गाठ असेल, तर सासुरवाडी कुठल्या पेठेत आहे हे आठवूनच जावई तोंड उघडतो.

अशा गावाच्या हाती सायन्स फिक्शन मालिका लागल्या आहेत. ‘सगळ्यांत भारी मालिका कोणती?’ हा प्रश्न जगात इतरत्र लोक मतं मांडून सोडवतात. आमच्याकडं तो खासबागेतल्या कुस्तीसारखा सोडवायचा असतो. बरोबरी मान्य नाही, निकालीच पाहिजे.

आखाडा म्हणजे गंगावेशीतला दूध कट्टा. म्हशी रस्त्याच्या कडेला उभ्या, मालक तिथंच धार काढणार आणि फेसासकट ग्लास हातात देणार. पूर्वी इथं पैलवान यायचे. अजूनही येतात, पण आता त्यांच्याबरोबर बँकेतले साहेब, कॉम्प्युटर इंजिनिअर झालेली पोरं, निवृत्त मास्तर, जेवण झाल्यावर फिरायला निघालेली कुटुंबं असा सगळा गोतावळा असतो. ग्लास संपेपर्यंत थांबायचं म्हणून बोलणं निघतं आणि बोलणं संपेना म्हणून दुसरा ग्लास निघतो. नुसत्या दुधावर माणसं एवढी भांडू शकतात, हे दारूबंदीवाल्यांना कुणीतरी एकदा आणून दाखवायला हवं.

यातला सगळ्यांत ज्येष्ठ गट ‘स्टार ट्रेक’चा. ही मंडळी आता साठीला टेकलेली. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ही मालिका लागायची. अमेरिकेत ती 1966 ते 1969 अशी तीन वर्षं चालली, 79 भाग झाले आणि बंद पडली. आमच्यापर्यंत यायला तिला पुढं पंधरा-एक वर्षं लागली. ‘लांबच्या ताऱ्याचा उजेड असाच उशिरा पोचतो,’ असं एक निवृत्त विज्ञान शिक्षक सांगतात आणि आपण मोठं काहीतरी बोललो म्हणून सगळ्यांकडं बघतात.

मालिका इंग्रजीत होती. ‘इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळं गोष्ट कळायला काही अडचण आली नाही,’ हे त्या गटातल्या एका काकांचं प्रामाणिक निवेदन. गल्लीत एक कृष्णधवल टीव्ही, त्याच्यापुढं निम्मी गल्ली, आणि थोरला भाऊ सांगेल ती कथा. थोरल्या भावाच्या आवृत्तीत यानाचा कॅप्टन कर्क हा एका सावकाराचा मुकादम होता आणि दर रविवारी नव्या गावाला वसुलीला जायचा. पुढं कितीतरी वर्षांनी काकांनी हीच मालिका सबटायटलांसकट पाहिली आणि त्यांची निराशा झाली. मूळ कथा एवढी चांगली नव्हती.

कॅप्टन कर्क आपला, याबद्दल कट्ट्यावर दुमत नाही. आधी उडी, मग विचार. बंदूक कमरेला असताना हातघाईवर येणं. मारामारीत शर्ट फाटणं. फक्त तो शिवाजी पेठेचा की मंगळवार पेठेचा एवढाच मुद्दा शिल्लक आहे आणि तो अनेक वर्षं तसाच शिल्लक आहे. त्याचा सहकारी स्पॉक याच्याबद्दलही दुमत नाही. भावना म्हणून दाखवायची नाही, एक भुवई वर करायची आणि समोरचा नेमका किती टक्के चुकला ते दशांशचिन्हासकट सांगायचं. ‘पुण्याचा हाय,’ एवढ्यात त्याची केस संपते. पण यानावर तो नसता, तर कर्कनं तिसऱ्याच भागात एंटरप्राइज नेऊन पंचगंगेत घातली असती, हेही सगळे मान्य करतात. मात्र आजूबाजूला पुण्याचा पाहुणा नाही ना, हे बघून.

उद्यमनगरात लेथ चालवणारे एक मामा या वादात नेहमी असतात. ते मालिकेत माणसांकडं बघतच नाहीत, यानाकडं बघतात. ‘ह्याचं वेल्डिंग कुठं दिसंना’, ‘एवढ्या मोठ्या दाराला बिजागरी बघितलासा काय?’ अशी त्यांची समीक्षा. त्यांच्या लेखी ‘स्टार ट्रेक’चा मोठेपणा एका गोष्टीत आहे. दर आठवड्याला यान नव्या ग्रहावर उतरवून दाखवायचं म्हणजे खर्च फार. तो परवडेना, म्हणून निर्मात्यांनी माणसं चमचम करत अदृश्य करायची आणि थेट खाली उगवायची, अशी युक्ती काढली. साऱ्या जगाला ते भविष्यातलं विज्ञान वाटलं. मामांना तो जुगाड पहिल्या नजरेत ओळखू आला. ‘टेम्पोचं भाडं वाचवलंय,’ ते म्हणाले, आणि हे त्यांच्या तोंडचं सर्वोच्च कौतुक.

मामांना असल्या कौतुकाचा वारसाहक्क आहे. परदेशी कॅमेऱ्यावाचून अडून न बसता याच गावात बाबूराव पेंटर आणि त्यांच्या माणसांनी खटपट करून स्वतःचा सिनेकॅमेरा तयार केला. 1920 साली ‘सैरंध्री’ काढला तेव्हा त्यातला कीचकवध बघून प्रेक्षक हादरले होते. तेव्हा ‘स्पेशल इफेक्ट’ हा शब्द कोल्हापूरला शिकवायचा नाही, असं मामांचं म्हणणं. मग हे सगळं पुढं का नाही गेलं, असं कुणी विचारलं की कट्ट्यावर शांतता पसरते आणि कुणीतरी हळूच म्हणतं, ‘प्रभात’. 1929 साली प्रभात फिल्म कंपनी इथं निघाली आणि 1933 साली पुण्याला गेली. नव्वद वर्षं होऊन गेली, पण आवाज अजून खालीच येतो.

दुसरा गट चाळिशी-पन्नाशीतला, देशी मालिकांचा कडवा समर्थक. ‘तुमच्या कर्कला ठेवा बाजूला’ ही यांची सलामी. यांच्याकडं दूरदर्शनची सगळी पुंजी आहे. ‘स्पेस सिटी सिग्मा’ आणि तिच्यातला तो झखाकू. ‘इंद्रधनुष’, ज्यात पोरांच्या कॉम्प्युटरचं कालयंत्र होतं आणि ज्यातला एक पोरगा पुढं करण जोहर म्हणून प्रसिद्ध झाला. 1998 चा केतन मेहतांचा ‘कॅप्टन व्योम’, मिलिंद सोमण अंतराळातल्या तुरुंगातून पळालेले अट्टल गुन्हेगार शोधत फिरतो तो. सेट पुठ्ठ्याचे होते का? होते. पण या गटाचं म्हणणं असं, की पुठ्ठ्याच्या यानावर विश्वास ठेवायला प्रेक्षकाची तयारी जास्त लागते, म्हणून तो प्रेक्षक जास्त दर्जेदार.

या गटात फूट पडते ती ‘शक्तिमान’वरून. 1997 च्या सप्टेंबरात सुरू झालेली ही मालिका सायन्स फिक्शन धरायची की नाही? एक बाजू म्हणते, कुंडलिनी जागृत करून पंचमहाभूतांची शक्ती मिळवली, यात सायन्स कुठं आलं? दुसरी बाजू विचारते, मग डॉक्टर जॅकाल काय गावठी वैद्य होता? लॅब होती की त्याची! लेथवाल्या मामांनी शक्तिमानच्या गिरकीवर मत दिलं : एवढ्या आरपीएमला माणूस फिरला तर आधी त्याचं बेअरिंग जाईल. निवृत्त मास्तरांनी त्यावर केंद्रोत्सारी बल समजावून सांगायला घेतलं आणि गट पुन्हा एक झाला, मास्तरांच्या विरोधात.

त्या काळातल्या पोरांना एक अडचण मात्र सर्वपक्षीय होती. तमराज किल्विष पडद्यावर येऊन ‘अंधेरा कायम रहे’ म्हणायचा आणि कधी कधी नेमकी त्याच क्षणाला वीज जायची. शक्तिमाननं पुढं काय केलं हे पोरांना दुसऱ्या दिवशी शाळेत कळायचं, तेही ज्याच्या भागात लोडशेडिंग नव्हतं त्या पोराकडून, आणि तो एका भागाच्या दोन गोट्या घ्यायचा. आज जे लोक महिन्याला पैसे भरून मालिका बघतात त्यांना वाटतं ही पद्धत नवीन आहे.

तिसरा गट तरुणांचा. 2016 साली नेटफ्लिक्स भारतात आलं आणि या पोरांना जगातलं सगळंच एकदम दिसायला लागलं. त्यांचं दैवत ‘डार्क’. जर्मन मालिका, 2017 ते 2020, तीन सीझन, 26 भाग. विंडन नावाचं गाव, अणुभट्टी, गुहा, दर 33 वर्षांनी फिरून येणारा काळ आणि चार घराण्यांची अशी गुंतागुंत, की जगभर लोकांनी भिंतीवर वंशवृक्ष काढून ती बघितली. पोरांचा दावा होता, की ही मालिका समजणं हीच एक परीक्षा आहे आणि ज्येष्ठ मंडळी ती पास होणं शक्य नाही.

तेव्हा शेजारी नातवाला दूध पाजत असलेल्या एक मावशी बोलल्या. मावशी पंचक्रोशीतली लग्नं जमवतात. ‘मी बघितलो की सगळी. तीन रात्रीत.’ पोरांनी विचारलं, मावशी, समजली? मावशी म्हणाल्या, ‘न समजायला काय झालं? शार्लटची लेक एलिझाबेथ, आणि तीच एलिझाबेथ शार्लटची आई. लेकच आईची आई. आमच्या भावकीत एकजण सख्ख्या चुलत्याचा साडू हाय, त्याच्या पोरांनी चुलत आजीला मावशी म्हणायचं का आजी, ह्याच्यावरनं बारसं आडलं होतं. हे तर सोपं हाय.’ मग त्यांनी बोटांवर अख्खी चार घराणी सोडवून दाखवली, कोण कुणाच्या पोटचं, कुणाचं कुणाशी जमणार नव्हतं आणि का. एका पोरानं मोबाइलवर वंशवृक्ष काढून पडताळा घेतला. एकही चूक नव्हती. ‘आणि 33 वर्सांनी तेच तेच होतंय म्हंत्यात,’ मावशी ग्लास परत देताना म्हणाल्या, ‘त्याला काय भुयार लागतंय? जमिनीची केस घाला की.’

‘डार्क’ गटाची त्या रात्री जी पीछेहाट झाली ती अजून भरून आलेली नाही.

‘द एक्स्पान्स’चं दुःख वेगळं. जाणकार म्हणतात, की अंतराळातलं राजकारण इतकं नीट कुठल्याच मालिकेनं दाखवलं नाही. पृथ्वी एका बाजूला, मंगळ दुसऱ्या बाजूला आणि लघुग्रहांच्या पट्ट्यात खपणारी गरीब माणसं दोघांच्या मध्ये. सेरेसवर पाणी मोजून मिळतं आणि बर्फ वाहून आणणारं कँटरबरी नावाचं जहाज सुरुवातीलाच उडवलं जातं. हे सांगून होईपर्यंत ठीक असतं. मग कुणीतरी म्हणतं, ‘त्यांना पाणी मिळंना आणि आम्हाला नको तवा मिळतंय.’ झालं. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट, हे कोल्हापुरात शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. तिथून 2019 चा महापूर, मग 2021 चा, मग कोणाच्या घरात पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं, आणि मग अलमट्टी. धरणाची उंची 519.60 मीटरच ठेवायची की कर्नाटकाला 524 करू द्यायची? यावर एक दूधवाले, दोन इंजिनिअर आणि एक पैलवान यांचं जे बोलणं होतं त्यापुढं संयुक्त राष्ट्रसंघ आणि मंगळाचं आरमार पोरकट वाटतात. ‘द एक्स्पान्स’ ही मालिका चांगली की वाईट, हे गंगावेशीत आजवर ठरलेलं नाही. तिच्यावरची प्रत्येक चर्चा दहाव्या मिनिटाला अलमट्टीच्या भिंतीला जाऊन धडकते.

‘सेव्हरन्स’ची कल्पना एका मुलीनं फार सुंदर समजावून सांगितली. मेंदूत चिप बसवतात. मग माणूस ऑफिसात असला की त्याला घरचं काही आठवत नाही आणि घरी आला की ऑफिसातलं. सरकारी खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ शांतपणे ऐकत होते. ‘आमच्यात चिपची गरज पडली नाही,’ ते म्हणाले. ‘डॉक्टर हू’चंही साधारण असंच झालं. 1963 साली सुरू झालेली मालिका. नट बदलायचा झाला की डॉक्टरचा देह नवा होतो, चेहरा नवा येतो आणि गोष्ट पुढं चालू. यावर कट्ट्याची प्रतिक्रिया थंड होती. चेहरा तोच ठेवून पक्ष बदलणारी माणसं ज्यांनी जवळून बघितली आहेत, त्यांना हा प्रकार उलटा आणि काहीसा भाबडा वाटला. कालयंत्र बाहेरून पोलीस चौकीसारखं दिसतं आणि आत गेलं की बाहेरच्यापेक्षा मोठं असतं, हे कळल्यावर मात्र दोघंजण एकदम गप्प झाले. कशामुळं, ते कुणी विचारलं नाही.

माझ्या मते या सगळ्या वादातला कोल्हापूरचा खरा अधिकार वेगळ्याच जागी आहे. मालिका बंद पडायला आली तर चाहत्यांनी काय करावं, या प्रश्नावर. जगभरच्या चाहत्यांनी यात बरंच काम केलेलं आहे. ‘स्टार ट्रेक’ दुसऱ्या सीझननंतर बंद होणार म्हटल्यावर 1968 मध्ये अमेरिकेतल्या लोकांनी पत्रांचा पाऊस पाडला आणि तिसरा सीझन मिळवला. अणुहल्ल्यानंतरच्या एका छोट्या गावाची गोष्ट सांगणारी ‘जेरिको’ 2007 साली बंद केली, तेव्हा चाहत्यांनी वाहिनीच्या कचेरीवर शेंगदाणे पाठवायला सुरुवात केली. सुमारे वीस टन शेंगदाणे गेले. वाहिनीनं हात टेकले आणि आणखी सात भाग केले. 2018 मध्ये ‘द एक्स्पान्स’साठी लोकांनी विमान भाड्यानं घेऊन त्याच्या शेपटाला फलक बांधला आणि अॅमेझॉनच्या स्टुडिओवरून फिरवलं. मालिका वाचली. ‘फायरफ्लाय’ मात्र 2002 साली गेली ती गेलीच. चौदा भाग तयार होते, त्यातले अकराच दाखवले, तेही क्रम उलटासुलटा करून.

हे ऐकताना कट्टा पहिल्यांदा एकदिलानं अस्वस्थ झाला. पत्रं? नुसती पत्रं? ज्या गावानं वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरून शहरातला टोल बंद पाडला. ज्या गावातल्या वकिलांनी आणि लोकांनी कित्येक दशकं धरून ठेवलेली मागणी ऑगस्ट 2025 मध्ये उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचच्या रूपानं पदरात पडली. ज्या जिल्ह्यानं त्याच वर्षी नांदणी मठाच्या महादेवी हत्तिणीसाठी मोर्चे काढले आणि रागानं मोबाइलची सिमकार्डं बदलली, त्या गावाला पत्राचं कौतुक काय सांगता? शेंगदाण्यांवर जास्त विचार झाला. ‘कच्चं पाठवलं का भाजून?’ हा पहिला प्रश्न. ‘जयसिंगपूरचं भडंग पाठवलं असतं, तर साताच्या जागी सत्तर भाग केले असते,’ हा निष्कर्ष. आणि ‘फायरफ्लाय’साठी तिथल्या तिथं सर्वपक्षीय कृती समिती स्थापन झाली. समितीतल्या बहुतेकांनी मालिका पाहिलेली नाही. पण अन्याय हा अन्याय आहे.

अशा वेळी करवीर नगर वाचन मंदिरातून पुस्तकं बदलून येणाऱ्या एक ताई कधीतरी कट्ट्यावर थांबतात आणि सगळ्यांना एकच वाक्य ऐकवतात : परक्याची यानं कशाला पुसत बसलाय? मराठी विज्ञानकथेला घराघरांत नेणारा माणूस या गावात जन्मला. जयंत नारळीकर, 19 जुलै 1938. त्यांनी 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं. स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून, अक्षरही पत्नीचं. परीक्षकांनी नाव बघून बक्षीस देऊ नये म्हणून. बक्षीस मिळालंच. कट्ट्यावरच्या लोकांना या गोष्टीतलं एक अजिबात पटत नाही : एवढं काम करायचं आणि नाव लपवायचं? इथं रक्तदान शिबिराच्या फलकावर चाळीस फोटो असतात.

नारळीकर वाढले बनारसला, शिकले केंब्रिजला आणि 1988 मध्ये आयुका ही संस्था उभी केली ती पुण्यात. हे ऐकलं की पुन्हा ‘प्रभात’सारखीच शांतता पसरते. पण त्यांच्या कथांवर मराठी वाहिन्यांनी मालिकांची रांग लावायला हवी होती, ती लागली नाही, हेही ताई सांगतात. दूरदर्शनवर त्यांची ‘ब्रह्मांड’ होती. पण ती खऱ्या विश्वाची, वादाच्या नियमात बसत नाही. आमच्या वाहिन्यांना सून आणि सासू यांच्यातलं अंतर प्रकाशवर्षांत मोजायला आवडतं. त्यापलीकडचं अंतराळ अजून रिकामंच आहे.

तेव्हा ही मालिका आपणच काढायची, असं आता ठरलंय. परग्रहावरचं यान रंकाळ्यात उतरणार. यानाची बॉडी उद्यमनगरात होणार, मामांनी मोजमापं घ्यायला सुरुवात केलीय आणि दाराला बिजागरी असणार. मानव आणि परग्रहवासी यांचा पहिला संवाद ‘पाव्हणं कुठलं?’ असा आणि दुसरा ‘जेवलासा काय?’ असा असणार. मग त्याला तांबडा रस्सा पाजायचा आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येईल ते भावनेचं की तिखटाचं, यावर शास्त्रज्ञ दोन भाग खर्च करणार. त्याचे नातेवाईक कोण, हे मावशी शोधून काढणार. इथवर सगळ्यांचं पटलं होतं.

अडलंय ते पुढं. रंकाळ्यात उतरला म्हणजे तो शिवाजी पेठेकडून फुटबॉल खेळणार, असं एका बाजूनं गृहीत धरलं. मंगळवार पेठेनं हरकत घेतली. इथल्या संघांकडून परदेशी खेळाडू खेळलेले आहेत, पण परग्रहावरचा खेळाडू परदेशी या नियमात बसतो का, यासाठी आता नियमावली मागवलीय. आणि कथेत त्याला सहा पाय दाखवलेले असल्यामुळं तो एक खेळाडू धरायचा की तीन, यावर कुणीही मागं यायला तयार नाही.